एकोणीस की वीस

त्या वर्षी माझ्या पाचवीच्या वर्गात 37 मुलं होती आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म मी 14 जणांचे भरले. बाकीच्या 23 जणांना पुण्याच्या परीक्षा परिषदेने नाकारलं नव्हतं. मी नाकारलं होतं, एका दुपारी, स्टाफरूममध्ये चहा पिता पिता.

याचं कारण आम्हा शिक्षकांना पाठ असतं. निकालाची टक्केवारी परीक्षेला बसलेल्या मुलांवरून निघते आणि पात्र ठरायला प्रत्येक पेपरात 40 टक्के लागतात. मग ज्याची खात्री नाही त्याला बसवायचंच कशाला? मोठ्या सरांनी असं तोंडाने कधी म्हटलं नाही. "बाई, झेपतील तेवढीच घ्या," एवढंच म्हणाले. मी झेपतील तेवढी घेतली.

ही परीक्षा पूर्वी चौथीला असायची, मीही चौथीतच दिली होती. 2017 पासून ती पाचवीला आली आणि आता पुन्हा चौथीला न्यायचं ठरलं आहे. वर्ग कुठलाही असो, घाई तीच. पाचवीच्या पहिल्या पेपरात भाषेचे 25 आणि गणिताचे 50 असे 75 प्रश्न, वेळ दीड तास. एका प्रश्नाला 72 सेकंद. तेवढ्यात प्रश्न वाचायचा, कच्चं काम करायचं आणि उत्तरपत्रिकेवरचा गोल बॉलपेनने काळा करायचा. पेन्सिलीवर वाढलेल्या मुलांना हे जड जातं, कारण भरलेला गोल खोडता येत नाही. पहिल्याच सरावात एकाने थुंकी लावून गोल पुसला आणि कागदाला भोक पाडलं.

आमची शाळा घाटकोपर पश्चिमेला, सकाळची. साडेबाराला सुटली की दोनपर्यंत माझा जादा तास. 1 ते 100 मध्ये मूळ संख्या 25, त्यांत सम एकच. 2 ते 9 मधला प्रत्येक अंक 20 वेळा येतो, 1 येतो 21 वेळा, शून्य 11 वेळा. मुलं हे सगळं पाढ्यांसारखं एका सुरात म्हणायची. बाहेरून जाणारे शिक्षक थांबून ऐकायचे. मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

ती यादीत नव्हती. जोडाक्षर आलं की अडखळायची, आणि आठवड्यातून एक-दोन दिवस हमखास गैरहजर. असल्फ्याच्या डोंगरावर घर, आणि त्यांच्या गल्लीत पाणी यायचं ते नेमकं शाळेच्या वेळेला. तिची मैत्रीण मात्र माझ्या चौदांत होती. दोघी सोबतच वर चढायच्या, म्हणून तास संपेपर्यंत ही शेवटच्या बाकावर बसून राहायची. मी हरकत घेतली नाही. प्रश्नसंचाच्या झेरॉक्स मात्र चौदाच.

एकदा रांगेचं उदाहरण घेतलं. एक मुलगी पुढून सातवी, मागून अकरावी, तर रांगेत एकूण किती? मी सांगितलं, बेरीज करा आणि एक वजा करा. सतरा. एका मुलाने विचारलं, "बाई, एक का वजा?" "तसंच असतं ते," मी म्हटलं, कारण पुढची बारा उदाहरणं वाट बघत होती. मागून आवाज आला, "आपला हंडा दोनदा मोजला ना, म्हणून." नळावर पुढून मोजलं तरी आपला हंडा त्यात येतो, मागून मोजलं तरी येतो. हंडा तर एकच.

पाच-सहा दिवसांनी प्रश्न आला, 1 ते 100 मध्ये 5 हा अंक असलेल्या संख्या किती? चौदाही जणांनी क्षणात 20 चा गोल काळा केला. पर्यायांत 19 पण होता. मी उत्तरसूची उघडली. उघडावी लागली, कारण माझ्याही तोंडात वीसच होतं. शेवटच्या बाकावर तिने वहीच्या मागच्या पानावर 5, 15, 25 करत सगळ्या संख्या लिहून काढल्या होत्या. एकोणीस. "55 मध्ये पाच दोन आहेत, पण संख्या एकच ना बाई?"

दुसऱ्या दिवशी मी पंधरावी झेरॉक्स काढली. गणिताच्या 50 प्रश्नांपैकी तिने स्वतः वाचून 17 बरोबर सोडवले. नवा संच मी मोठ्याने वाचून दिला, तर 31. फॉर्मची मुदत तोवर संपली होती, विलंब शुल्काचीसुद्धा.

त्यानंतर शनिवारी शेवटचा तास मी सगळ्या 37 जणांसाठी ठेवला, परीक्षेत न येणाऱ्या गणितासाठी. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचा 6174 चा खेळ फळ्यावर मांडला. 3087 घ्या. अंक उतरत्या क्रमाने लावले की 8730, चढत्या क्रमाने 0378, वजाबाकी 8352. पुन्हा तेच केलं की 8532 उणे 2358, म्हणजे 6174. चारही अंक सारखे नसले की झालं, कुठूनही निघा, इथेच पोचता. याच कापरेकरांनी 121, 12321 अशा संख्यांना डेम्लो नाव दिलं, ते डोंबिवली स्टेशनावरून, हे ऐकून वर्गात केवढा गोंधळ! प्रत्येकाची कोणीतरी मावशी डोंबिवलीला राहते.

चौदांपैकी नऊ पात्र ठरले. पुढच्या वर्षी मी वर्गातल्या सगळ्या 34 जणांचे फॉर्म भरले, टक्केवारी घसरली आणि त्याबद्दल जे ऐकायचं ते ऐकून घेतलं. ती तोवर सहावीत गेली होती.

आदल्या वर्षी परीक्षेच्या रविवारी मात्र ती आली होती, मैत्रिणीची पाण्याची बाटली सांभाळत, पहिल्या पेपरभर केंद्राच्या फाटकाशी उभी. मधल्या सुट्टीत मैत्रीण धावत बाहेर आली.

"रांगेचं आलं होतं गं!"

"एक काढलास ना?" तिने विचारलं.