नरारा : ओहोटीत चालत जाऊन बघायचा समुद्र

द्वारकेच्या यात्रेला निघालेली बहुतेक कुटुंबं जामनगरहून हायवेला लागतात ती थेट द्वारकाधीशाच्या दर्शनालाच थांबतात. वाटेत उजवीकडे वाडीनारचा फाटा लागतो, तो कुणाच्या लक्षातही येत नाही. पुढच्या वेळी तिथे गाडी वळवा. जामनगरपासून साधारण ६० किलोमीटरवर नरारा आहे, कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा एक भाग. १९८२ साली जाहीर झालेलं हे भारतातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. प्रवाळ बघायचे म्हणजे ऑक्सिजनची नळकांडी पाठीला लावून बुडी मारायची, असं आपल्याला वाटतं. इथे मात्र पाणी मागे सरतं आणि तुम्ही पायांनी चालत प्रवाळांपर्यंत पोहोचता. आजी-आजोबांचे गुडघे धड असतील तर तेही.

पण आधी कॅलेंडर काढा. इथे सुट्टी बघून जाण्यात अर्थ नाही, तिथी बघून जावं लागतं. पौर्णिमा-अमावस्येच्या आगेमागे ओहोटीला पाणी खूप लांब जातं. अष्टमीच्या सुमारास, म्हणजे कोकणातले लोक ज्याला भांग म्हणतात तेव्हा, ते फारसं हटत नाही. तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढायचा कोकणी हिशेब तुमच्या घरात कुणाला येत असेल, तर तो इथे जसाच्या तसा चालवू नका. आखात आत चिंचोळं होत जातं आणि पाणी आत शिरायला वेळ लागतो. वनखात्याच्या जामनगरच्या ऑफिसात ओहोटीची वेळ विचारून घ्या. परवान्यासाठी सगळ्यांची ओळखपत्रं सोबत असू द्या. ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम.

वाडीनारच्या रस्त्यावर तेलाच्या टाक्या आणि टँकरच दिसतात. आपण चुकलो की काय, असं वाटेल. चुकलेला नसता. मोठं तेलबंदर आणि राष्ट्रीय उद्यान इथे शेजारी-शेजारी आहेत, आणि ही गोष्ट मला तरी परत येईपर्यंत खुपत राहिली.

गेटवर स्थानिक गाइड घ्या, त्यात कंजुसी नको. सुरुवातीला तिवरांची झाडी, चिखलावर टुणटुण उड्या मारणाऱ्या निवट्या, मग ओली रेती आणि खडक. बूट जाड तळव्याचे आणि भिजले तरी चालतील असे घाला. चपला चिखलात राहतात. सावली कुठेच नाही, खायला काही मिळत नाही. टोपी, पाणी आणि जामनगरची कोरडी कचोरी बरोबर घ्या.

पहिली काही मिनिटं काहीच दिसणार नाही. मुलं 'इथे काय आहे?' म्हणून कुरकुरतील. मग एखाद्या डबक्यापाशी गाइड बसेल आणि बोटाने दाखवेल. दगड वाटत होता तो हलेल, रंग बदलेल आणि सरपटत कपारीत शिरेल. तो ऑक्टोपस! त्यानंतर डोळे आपोआप सरावतात. फुलासारखं दिसणारं, पण भक्ष्य पकडणारं समुद्रफूल. रिकाम्या शंखात बिऱ्हाड थाटलेला खेकडा. तारामासा. मेंदूसारख्या वळ्यावळ्यांचे प्रवाळ. हे प्रवाळ म्हणजे शोभेचे दगड नव्हेत. एकमेकांना चिकटून राहणाऱ्या इवल्या जिवांची ती वसाहत असते आणि अशी गोल वसाहत वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढते. थाळीएवढा गोळा दिसला, तर तो वाढायला किती वर्षं लागली असतील याचा हिशेब मुलांनाच करायला सांगा.

आता थोडं स्पष्ट बोलते. काही गाइड पर्यटकांना खूश करायला पफर फिश, म्हणजे कोकणातला केंड, हातात उचलून दाखवतात. तो टम्म फुगतो, सगळे हसतात, फोन पुढे येतात. तो मासा घाबरून फुगलेला असतो. 'नको, पाण्यातच दाखवा' असं तुम्ही आधीच सांगा. गाइडलाही बरं वाटतं, कारण उचलण्याचा आग्रह बहुतेक वेळा आपल्याकडूनच होतो. पाय फक्त रेतीवर किंवा निर्जीव खडकावर ठेवा, गाइडच्या पावलांमागे पाऊल टाका. दगड उलटून बघितला, तर तसाच पुन्हा ठेवायला हवा. त्याखाली कुणाचं तरी घर असतं. शंख, प्रवाळाचा तुकडा खिशात टाकू नका. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, शिवाय घरी नेलेला तुकडा चार महिन्यांत शोकेसमध्ये धूळ खात पडतो.

गाइड 'चला' म्हणाला की निघा, एक फोटो राहिला तरी. पाणी आधी सखल भागात, तुमच्या मागच्या बाजूने गुपचूप भरतं.

पिरोटन बेटाची वेगळी परवानगी आणि बोट लागते. एका दिवसात तो खटाटोप नको. त्याऐवजी ओहोटी सकाळची असेल तर संध्याकाळी जामनगरजवळच्या खिजडिया पक्षी अभयारण्यात जा. तिथे बांधाच्या एका बाजूला गोडं पाणी आणि दुसऱ्या बाजूला खारं, त्यामुळे दोन्हीकडचे पक्षी एकाच फेरीत दिसतात. दुर्बीण असेल तर न्या. बूट मात्र बदलून जा, नराराचा चिखल तोवर वाळून कडक झालेला असतो.