दहा रुपयांची आयसी, सत्तर रुपयांचं कुरिअर

घाटंजीत ५५५ नंबरची आयसी शोधत चार दुकानं फिरलो. मिळाली नाही. नखाएवढा काळा तुकडा, आठ पायांचा. १९७२ पासून बाजारात आहे, आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या नादाला लागलेलं पोरगं बहुतेक वेळा याच आयसीवर आपला पहिला दिवा लुकलुकवतं. किंमत दहा रुपयांच्या आसपास. आपले टीव्ही-मोबाईल दुरुस्तीवाले त्यांच्या कामाला लागेल तेवढंच सामान ठेवतात, त्यांचीही चूक नाही. यवतमाळला जावं तर एसटीचं भाडं आयसीच्या कितीतरी पट. ऑनलाइन मागवावी तर दहाच्या वस्तूवर साठ-सत्तर कुरिअरचे.

मला ती आयसी कशाला पाहिजे होती? मला नाही, एका नववीतल्या पोट्ट्याला पाहिजे होती. त्याच्यामुळे दुसरा भेटला, दुसऱ्यामुळे तिसरा. गेल्या दोन-तीन महिन्यांत अशा सात-आठ जणांशी बोललो. गावातले आहेत, आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीनं शाळेत येणारेही आहेत. नावं लिहीत नाही, कारण अर्ध्यांच्या घरी माहीतच नाही.

यांचं अर्थशास्त्र ऐकण्यासारखं आहे. पाच जण मिळून एकच ऑर्डर करतात, म्हणजे कुरिअर वाटून जातं. पत्ता ज्याच्या घरचे रागावत नाहीत त्याचा. भंगारवाल्याकडून जुन्या टीव्हीचे, डीव्हीडी प्लेअरचे बोर्ड किलोवर घेतात आणि सोल्डरनं तापवून एकेक पार्ट काढतात. चांगले निघालेले पार्ट रिकाम्या गुटख्याच्या डब्यांत लावून ठेवलेले. (डबे आजोबांचे, हे पोरानं दोनदा सांगितलं.) एकानं दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचला आणि त्या मजुरीतून मल्टिमीटर घेतला. अडीचशे-तीनशे रुपयांचा, पिवळा, स्वस्तातला. तो दप्तरात ठेवतो. घरी सापडला तर विचारतील म्हणून.

हिशेब केला तर सोल्डर, मल्टिमीटर, थोडी तार, चार आयसी, एखादी अर्डुइनोची स्वस्त नक्कल, सगळं दीड हजारात बसतं. मोबाईलचं सहा-सात महिन्यांचं रिचार्ज म्हणा. पण रिचार्जला घरातून पैसे मिळतात, याला मिळत नाहीत.

यात आईबापाला कंजूस म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. एका पोराचे बाबा चौकात भेटले तेव्हा म्हणाले, "दादा, तुमी पेपरवाले, तुमचं आयकते तो. समजावा त्याले. दिवसभर तारा जोडून राह्यते. उद्या करंट लागला त मी कोनाच्या तोंडाकडे पाहू? अन् त्या फुलसावंगीच्या पोट्ट्याचं काय झालं, मालूम हाय ना?"

मालूम आहे. आपल्याच जिल्ह्यातलं, महागाव तालुक्यातलं फुलसावंगी. ऑगस्ट २०२१. चोवीस वर्षांचा तरुण, आठवीपर्यंत शिकलेला, वेल्डिंग करणारा. स्वतःच्या हातानं हेलिकॉप्टर बनवलं आणि त्याच्याच चाचणीत पातं लागून गेला. तो गेल्यावर आमच्या धंद्यानं त्याला 'रँचो' केलं, दोन दिवस बातम्या चालवल्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या बापाला मात्र ती बातमी वेगळी ऐकू आली: पोराच्या हातात पाना-पकड दिसली की छातीत धस्स होतं. फिरत्या पात्याचं गणित कळणारा एखादा माणूस त्या दिवशी बाजूला उभा असता, तर? हा प्रश्न तेव्हा कोणी फारसा लावून धरला नाही.

कारण बापाची भीती खोटी नाही. पोट्टे सगळ्यात आधी एलईडी बल्ब दुरुस्त करायला शिकतात. आतल्या पट्टीवर बारीक एलईडी एकामागोमाग जोडलेले असतात, एक गेला की सगळी माळ बंद. गेलेल्यावर काळा ठिपका दिसतो, तो जोडून टाकला की बल्ब परत लागतो. फार दिवस टिकेलच असं नाही, पण लागतो. धोका असा की अशा बऱ्याच स्वस्त बल्बांत लाइनपासून वेगळं करणारा ट्रान्सफॉर्मर नसतो. बल्ब सुरू असताना पट्टीला बोट लागलं तर सरळ २३० व्होल्टचा झटका. जुन्या टीव्हीतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल काढताना शॉर्ट झाले तर आग. हे त्या सात-आठ जणांपैकी किती जणांना माहीत होतं? दोघांना. तेही मोबाईलवर व्हिडिओ पाहून.

मेकॅनिक लोकांकडे सिरीज बोर्ड असतो. साधा जुना पिवळा शंभर वॅटचा बल्ब, त्याच्या मागोमाग तपासायची वस्तू. वस्तूत शॉर्ट असला तर बल्ब भपकन पेटतो, फ्यूज उडत नाही, बोर्ड जळत नाही. हात लावला तर झटका बसतोच, त्यापासून तो वाचवत नाही, हेही शिकवावं लागतं. दोनशे रुपयांत तयार होतो. शिकवायला दहा मिनिटं. पण शिकवणार कोण?

सरकारनं याचा विचार केला नाही असं नाही. नीती आयोगाची अटल टिंकरिंग लॅबची योजना २०१६ ची. सहावी ते बारावीच्या पोरांसाठी. निवडलेल्या शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान, त्यातले दहा लाख लॅब उभारायला, बाकीचे पाच वर्षं चालवायला. २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी पन्नास हजार लॅब पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये करायचं जाहीर झालं. जिल्ह्यातल्या एका शाळेत अशी लॅब पाहिली, शाळेचं नाव घेत नाही. थ्री-डी प्रिंटरवर प्लास्टिक तसंच, किटचे डबे सीलबंद. सर म्हणाले, "हरवलं तर भरून कोण देईल?" त्यांचंही बरोबर आहे, साठा नोंदवहीत त्यांची सही आहे. पण वापरून जळलेला पार्ट नोंदवहीतून कमी करायची साधी रीत नसेल, तर कुठलाही शहाणा मास्तर कुलूपच लावेल.

उलटं उदाहरणही आपल्याच महाराष्ट्रात आहे. पुणे जिल्ह्यातलं पाबळ. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून १९८३ मध्ये तिथं विज्ञान आश्रम काढला. शाळा सुटलेल्या पोरांना वेल्डिंग, वायरिंग, शेती, बांधकाम, सगळं हातानं. गावाची कामं घ्यायची, करून द्यायची, त्यातूनच शिकायचं. अमेरिकेतल्या एमआयटीनं फॅब लॅबची कल्पना काढली तेव्हा एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब २००२ मध्ये या पाबळला झाली. मुंबईला नाही, पाबळला! तिथं मशीन होतंच, पण बाजूला बसून 'हा पार्ट का जळला' हे सांगणारा माणूस आधीपासून होता.

गावाच्या कामाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. ते चौकात भेटलेले बाबा, त्यांच्याच पोरानं वावरातल्या पेटीजवळ जुना मोबाईल चार्जर लावून त्याला बझर जोडला. पंपाची लाइन आली की बझर वाजतो. रात्री दोनला लाइन येणार की चारला, याची वाट पाहत बाबा खाटेवर जागे राहत, ते आता झोपतात. खर्च चाळीस रुपये. मी म्हटलं, मग आता तरी? तर म्हणे, "हे ठीक हाय. पन दहावीचं वर्ष हाय न त्याचं."

एक मुलगीही आहे या सात-आठांत. आजूबाजूच्या घरचे बल्ब तीच दुरुस्त करते. मुलं निदान दुरुस्तीच्या दुकानात स्टुलावर बसून चार गोष्टी पाहू शकतात. तिला कोण बसू देईल, आणि घरचे तरी कसे पाठवतील? तिच्यासाठी शाळेतली लॅब हीच एक जागा.

माझं मागणं लहान आहे. गावात एक खोली, रविवारी दोन तास, दार उघडं. आयटीआयतले एखादे निवृत्त निदेशक किंवा दुकानवाला भाऊ आळीपाळीनं बसेल. आईबापांनीही येऊन पाहावं. सिरीज बोर्ड मी करून देतो. ज्या शाळेकडे लॅब आहे तिनं निदान जळालेल्या पार्टांची वेगळी वही ठेवावी, हे शिक्षणाधिकाऱ्यांच्या कानावर घालणारच आहे.

आणि तुमच्या घरी बंद पडलेला डीव्हीडी, सेट-टॉप बॉक्स, चार्जर असेल तर भंगारात घालू नका, बाजूला काढून ठेवा. फुगलेली मोबाईलची बॅटरी मात्र देऊ नका. ती पोट्ट्यांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.