भातसेचे ऋण

उष्णकटिबंध म्हटला की सुशिक्षित मनुष्याचे मन नकाशावर दूर कोठे तरी धाव घेते. कसाऱ्याच्या वाटेवर टिटवाळ्यानंतर येणारी आपली खडवलीही कर्कवृत्ताच्या आतच आहे, हे क्वचितच कोणास आठवते. तेथे भातसा नदीच्या काठी बसले असता आम्हांस मात्र ते हटकून आठवते, आणि त्याबरोबर मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका हा चिमुकला देशही आठवतो.

महाराष्ट्राच्या जेमतेम सहाव्या हिश्शाएवढा हा देश. दोन समुद्रांच्या मधून पर्वतांचा कणा गेलेला. त्यास वारे अडतात आणि उतारांवर मेघांतच अरण्ये वाढतात. उंचीबरोबर हवा पालटते, हवेबरोबर झाडे पालटतात. म्हणूनच एवढ्याशा भूमीत जगातील सुमारे ५ टक्के जीवजाती नांदतात असे मानतात.

आमच्याकडे वारे अडविण्याचे काम सह्याद्री करतो. मात्र आमचा पाऊस चार महिन्यांत सारा व्यवहार उरकतो. म्हणून येथील साग, ऐन, पळस यांनी पाने टाकून तहान सोसण्याची विद्या साधली आहे.

मग वैशाखातही भातसा वाहती कशी? वर शहापूर तालुक्यात धरण आहे. त्याचे पाणी नदीच्या पात्रातूनच पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत उतरते व तेथून मुंबईस जाते. मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ अर्धा वाटा हाच. रविवारी खडवलीस येणारा मुंबईकर डुंबतो तो आपल्याच घरच्या नळाच्या पाण्यात! आणि त्याच शहापुरातील कित्येक पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बसतात.

कोस्टा रिकेची अरण्येही एकदा कुऱ्हाडीखाली गेली होती. १९९६ च्या कायद्याने तेथे एक साधी गोष्ट ठरली : जो आपल्या जमिनीवरील रान राखील त्यास मोबदला द्यावयाचा, आणि तो मुख्यतः इंधनावरील करातून. आज निम्म्याहून अधिक देश पुन्हा रानाखाली आहे. याचे सारे श्रेय कायद्यास देता येत नाही. गोमांसाचे भाव पडल्याने कुरणेही ओस पडली होती. तथापि रान राखणे हे श्रम आहेत व श्रमास मोल असते, एवढे त्या देशाने मान्य केले.

आमच्या नळाच्या बिलात त्या रानाचा व त्या पाड्यांचा वाटा कधी लिहिला जाणार?