दोघांचा नंबर एकच!

मुलांनो, गोष्ट २०२२ सालची. आमच्या शाळेतला जुना संगणक अखेरच्या घटका मोजत होता. पेनड्राइव्हची खाच मोडलेली, आणि पोटात चौथीच्या मुलांनी आपापल्या आज्यांकडून म्हणवून घेतलेल्या ओव्या! त्यातली एक आजी आता नव्हती.

मग मी तो नव्या संगणकाला एकाच केबलने थेट जोडला. खाचेजवळचे दिवे लुकलुकले, म्हणजे तार ठीक होती. (दोन्ही संगणक जुने असते, तर आतल्या तारा उलटसुलट जोडलेली 'क्रॉसओव्हर' केबल लागली असती.) तरी एकाला दुसरा दिसेना!

"तूच केबल वाकवलीस," मी शेजारच्या मुलावर खेकसले. तो रडवेला झाला. पण माझ्या कागदाकडे बघून हळूच म्हणाला, "बाई, दोघांचा हजेरी नंबर एकच आहे."

खरंच की! मध्ये राउटर नव्हता, म्हणून आयपी पत्ते मीच दिले होते, दोन्हीकडे १९२.१६८.१.१. पडद्यावर तशी सूचनाही आली होती. ती मी न वाचताच बंद केली. (बाईसुद्धा असं करतात बरं का!)

दुसरीकडे शेवटचा आकडा २ केला, आणि फोल्डर दिसलं. वर्गासमोर मी त्याची माफी मागितली.

"असू दे बाई," तो म्हणाला, "आधी माझ्या आजीची ओवी लावा ना."