साडेबारा फेऱ्या

बर्फाचा आणि माझा संबंध उसाच्या रसाच्या पेल्यापलीकडे कधी गेला नाही. तरीही बर्फावरच्या एका शर्यतीचे मला विलक्षण वेड आहे. ती म्हणजे बायकांची पाच हजार मीटरची स्केटिंगची शर्यत.

चारशे मीटरचे रिंगण आणि त्याच्या साडेबारा फेऱ्या. एका वेळी दोघीच बर्फावर उतरतात. दर फेरीत आतली बाहेर जाते, बाहेरची आत येते. कोणाच्याही वाट्याला कमी अंतर येऊ नये, म्हणून. कमरेत वाकून, हात पाठीवर बांधून त्या अशा काही लयीत पाय टाकतात, की पाहणाऱ्याला वाटावे, यात अवघड ते काय? अवघड असतात त्या शेवटच्या चार फेऱ्या. मांड्या पेटलेल्या असतात, पाठ वर उठू पाहते. आणि पाठ जरा उचलली, की वारा अडवतो आणि वेग जातो. दमलेल्या माणसाला ताठ उभे राहण्याचीसुद्धा मुभा नाही, असा हा खेळ आहे!

शिवाय शेजारून धावणारी हीच खरी प्रतिस्पर्धी असते, असेही नाही. खरी प्रतिस्पर्धी कदाचित तासाभरापूर्वीच धावून, अंगावर कोट चढवून कडेला बसलेली असते. झगडायचे ते घड्याळाशी. १९९८ साली जपानमधल्या नागानो येथे जर्मनीच्या क्लाउडिया पेखश्टाइनने ६ मिनिटे ५९.६१ सेकंदांत ही शर्यत जिंकली. तिच्याच देशाच्या गुंडा नीमानला लागली ६ मिनिटे ५९.६५ सेकंद. पाच किलोमीटरनंतर फरक ०.०४ सेकंदाचा! त्या वेगाने हिशेब केला, तर आपल्या जुन्या मापाने तो जेमतेम हातभर भरतो.

पण या शर्यतीपेक्षाही मला नवल वाटते, ते तिचे अंतर ठरवणाऱ्यांचे. पुरुष १९२४ च्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकपासून दहा हजार मीटर धावत आहेत. बायकांच्या शर्यती तिथे अधिकृतपणे आल्या १९६० साली, आणि त्यांतली सर्वांत लांबची होती तीन हजारांची. ती सोव्हिएत रशियाच्या लिदिया स्कोब्लिकोवाने जिंकली. पुढे १९६४ साली इन्सब्रुकला याच बाईने चार दिवसांत चार शर्यती मारल्या आणि चार सुवर्णपदके नेली. हिला आणखी दोन हजार मीटर झेपले नसते, असे कोण म्हणेल? तरी ऑलिंपिकमध्ये बायकांसाठी पाच हजारांची शर्यत यायला १९८८ साल उजाडावे लागले. दोन किलोमीटर वाढायला अठ्ठावीस वर्षे! आणि ऑलिंपिकमधले दहा हजार मीटर अजूनही पुरुषांकडेच आहेत.

‘बाईला झेपेल का?’ हा प्रश्न आपल्याही घरांत अनोळखी नाही. गंमत अशी, की पहाटे पाचला उठून पाणी भरणाऱ्या बाईच्या बाबतीत तो कोणाला पडत नाही. तीच बाई स्वतःच्या हौसेने काही करायला निघाली, की घरादाराला एकाएकी तिच्या प्रकृतीची काळजी वाटू लागते.

अशा काळजीला वादाने उत्तर देता येत नाही. ते करूनच दाखवावे लागते. चेक देशाच्या मार्टिना साब्लिकोवाला सरावासाठी आपल्या देशात छताखालचे मोठे रिंगणसुद्धा नव्हते. तिने २०१० साली व्हँकुव्हरला तीन हजार आणि पाच हजार या दोन्ही शर्यती जिंकल्या. पाच हजारांत २०१४ साली पुन्हा सुवर्ण, २०१८ साली रौप्य आणि २०२२ साली कांस्यपदक मिळवले.

आणि ती नागानोची पेखश्टाइन? २०२२ साली बीजिंगला ती पुन्हा बर्फावर उतरली. त्याच महिन्यात तिला पन्नास वर्षे पूर्ण व्हायची होती. तीन हजार मीटरच्या शर्यतीत तिचा नंबर आला वीस जणींत विसावा. झेपेल का, असे तिलाही कोणी विचारले असेल. तिने साडेसात फेऱ्या पुऱ्या केल्या.