मंडईचे दिवस, धानाचे चुकारे आणि मोबाइलमधला सट्टा

दिवाळी आटोपली. गावोगावी मंडया सुरू झाल्या. हलके धान निघाले, कापणीची मजुरी हातात आली, आधारभूत केंद्रावर धान दिलेल्यांचे चुकारे आज ना उद्या खात्यात पडतील. आपल्या जिल्ह्यात घराघरात पैसा दिसतो तो याच दिवसांत. आणि त्या पैशावर डोळा ठेवून बसलेलेही याच दिवसांत जागे होतात.

वीसेक वर्षं मी जुगाराच्या बातम्या लिहितोय. तीन पत्ती, कोंबडबाजार, सट्टापट्टी. धाड, इतके आरोपी, इतका मुद्देमाल. चार ओळी छापून येतात आणि त्या चार ओळींत त्या माणसाचं घर कुठेच नसतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. हे प्रवचन नाही. खेळणारे खेळतात, हे मलाही माहीत आहे. पण खेळणाऱ्यानं घर कसं वाचवायचं, हे कोणी सांगत नाही.

जुलै २०२३ आठवा. ऑनलाइन जुगारात ५८ कोटी गेल्याची तक्रार नागपूरच्या एका व्यापाऱ्यानं दिली आणि नागपूर पोलिसांनी थेट गोंदियात येऊन छापा घातला. कोट्यवधींची रोकड, किलोनं सोनं. आपण सगळ्यांनी नोटांचे ते फोटो पाहिले. आरोपांचं काय व्हायचं ते कोर्ट ठरवेल. पण त्या तक्रारीतल्या दुसऱ्या आकड्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. तो व्यापारी सुमारे पाच कोटी जिंकलाही होता! व्हॉट्सॲपवर लिंक आली, आठ लाखांपासून खेळ सुरू झाला, आधी जीत, मग हार. गळाला लावलेलं गांडूळ म्हणजे ती पहिली जीत.

आकडा लहान असला तरी गोष्ट तीच. तिरोडा तालुक्यातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याचा फोन आला होता. पोरगा बावीस वर्षांचा. आयपीएलमध्ये दोन हजार जिंकला. पुढच्या दीड महिन्यात बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले धानाचे पैसे बापाच्या खात्यातून साफ. बाप म्हणाला, "भाऊ, पोट्टा दारू पेत नाही, खर्रा खात नाही. रातभर मोबाइल पायते एवढंच. मले काय मालूम?" खरंच आहे. दारूचा वास येतो, मोबाइलचा येत नाही.

आता हिशेब पाहा. सट्टापट्टीत दहा आकडे, लागला तर साधारण नऊपट. दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावा. शंभर गेले, नव्वद आले. म्हणजे नशीब कितीही चांगलं असो, दर शंभरामागे दहा रुपये पट्टीवाल्याचे ठरलेलेच. आणि "हरलो की पुढच्या वेळी दुप्पट लावतो" म्हणणाऱ्यांसाठी: शंभरापासून सुरू करून लागोपाठ आठ वेळा हरलात तर २५,५०० रुपये गेले. नववा डाव २५,६०० चा. तो जिंकलात तरी हाती नफा किती? शंभर रुपये.

म्हणून काही साध्या गोष्टी.

१. मोबाइलवर पैसे लावायचेच नाहीत. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केलेत. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. तरीही लिंक येतात. शेजारच्या भिलाईतून निघालेल्या महादेव ॲपचं प्रकरण आपण पाहिलंच. एक ॲप बंद झालं की दुसऱ्या नावानं आयडी मिळतो. जिंकलेले पैसे दिले नाहीत, तर मागायला जाणार कोणाकडे?

२. मंडईत जायचं तर जेवढे उडवायचे तेवढेच रोख खिशात घ्या. ते संपले की दंडार पाहा आणि घरी या. अड्ड्यावर सापडलात तर राज्याचा १८८७ चा जुगारबंदी कायदा आजही लागू आहे, हेही लक्षात असू द्या.

३. हरलेले पैसे परत मिळवायला खेळू नका. सगळ्यात जास्त घरं इथंच बुडतात.

४. उसने घेऊन, बचत गटाचं कर्ज काढून, सोनं गहाण ठेवून कधीच नाही. दारू पिऊनही नाही.

५. चुकारे ज्या खात्यात येतात, ते खातं मोबाइलला जोडू नका. रोजच्या खर्चासाठी दुसरं लहान खातं ठेवा. बँकेत जाऊन पैसे काढायचा कंटाळाच पुष्कळांना वाचवतो.

६. पाच-दहा हजारांसाठी आपलं पासबुक, एटीएम, सिम कोणाला "वापरायला" देऊ नका. सट्ट्याचा पैसा अशाच भाड्याच्या खात्यांतून फिरतो. पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात.

घरच्यांसाठी एक सांगणं. पोरगा रात्र-रात्र जागतो, चिडतो, पैशाची खोटी कारणं सांगतो, घरातल्या वस्तू कमी होतात, तर ओरडण्याआधी विचारा. एकूण देणं किती, ते कागदावर लिहून घ्या. फेडायचंच असेल तर त्याच्या हातात पैसे न देता देणेकऱ्याला थेट द्या. "जगून काय उपयोग" असं बोलला तर हसण्यावारी नेऊ नका, त्याला एकटं सोडू नका. जुगाराचं व्यसन हा आजार आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याची नोंद आहे. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांना दाखवता येतं. ऑनलाइन फसवणूक झाली तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवलं गेलं तर काही हाती लागण्याची आशा असते. नव्या कायद्यात शिक्षा चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

पोलिसांना आणि प्रशासनालाही विनंती: मंडईतल्या पाच-सहा पत्तेवाल्यांना धरता तसं गावागावात आयडी वाटणाऱ्यांनाही धरा. गावाला ते कोण आहेत हे माहीत असतं.

चार महिने चिखलात उभं राहून धान येतो, भाऊ. तो चार रात्रींत जाऊ देऊ नका.

पटलं तर गावाच्या ग्रुपवर टाका. १४४१६ आणि १९३० हे दोन नंबर तेवढे आजच सेव्ह करून ठेवा.