छत्तीस फोटोंचा रोल

आम्ही वसमत तालुक्यातले आणि माझी सोयरीक झाली वाशीमकडं. १९८३ सालची गोष्ट. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता. आम्ही परभणी जिल्ह्यात मोडायचो आणि वाशीम अकोल्यात. चाळीस-पन्नास माणूस, बायका, लेकरं, वाजंत्रीवाले, आहेराच्या पेट्या असं सगळं वसमतच्या टेशनावर मीटरगेजच्या गाडीत कोंबलं. वाशीमला उतरून पुढं दोन कोस बैलगाडी. वऱ्हाड वऱ्हाडात चाललंय असं म्हणून माझा चुलता वाटभर एकटाच हसत होता.

फोटोवाला आम्ही घरून नेला होता. माझ्या बापानं त्याच्याशी एका रोलची बोली केली होती. रोलमध्ये छत्तीस फोटो. हात चांगला असला तर सदतिसावाही निघायचा. फोटोवाला दर वेळी डोळ्याला मशीन लावायचा आणि बापाकडं बघून विचारायचा, "मारू का?" बाप मान हलवला तर बटन दाबायचा. बापानं मान मोजून हलवली. अक्षता, हार, सप्तपदी, विहीण, व्याही, जावई, मामा. तीन फोटो काळे आले, तेहतीस हाती लागले.

त्या तेहतिसात बाप कुठंच नाही. म्हणजे एका ठिकाणी आहे. पंगतीच्या फोटोत कडेला, वरणाची बकेट घेऊन वाकलेला, अर्धं तोंड.

१९९१ ला बाप गेला तेव्हा भिंतीवर लावायला फोटो हुडकला, तर जन्मात काढलेला हा एवढाच. तालुक्याला एका स्टुडिओत नेऊन दिला. त्या काळी फोटो मोठा करून हातानं रंगवून द्यायचे. आठ दिवसांनी आणायला गेलो तर बापाच्या अंगात काळा कोट, आत पांढरा शर्ट. नसलेलं अर्धं तोंड त्यानं आपल्या मनानं काढलं होतं. माझ्या बापानं धोतर आणि बंडीशिवाय अंगाला काही लावलं नव्हतं. घरी आणला तर माय बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हे कोण सायेब आणलास?"

तो सायेब तेहतीस वर्षं आमच्या बैठकीत आहे. पोरं त्यालाच आजा समजून पाया पडतात.

हे सगळं सांगायचं कारण, २०२४ च्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या पोरीचं लग्न ठरलं. ती पुण्यात कंपनीत आहे, मुलगाही तिथलाच, त्याचं घर कोल्हापूरकडं. बोलणी झाली, सुपारी फुटली, आणि पोरगी म्हणाली, "दादा, लग्न गोव्याला करायचं. डिसेंबरात. समुद्रावर."

मला आधी लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' आठवलं. एकटा माणूस स्टेजवर उभा राहून पन्नासावर माणसं उभी करायचा. ते आम्ही कॅसेटवर ऐकून पोट धरून हसलो होतो. मराठवाड्याचं वऱ्हाड विमानात बसतं म्हणजे हसायचीच गोष्ट होती. आता माझ्यावर पाळी आली तर हसू येईना. मी सरळ नाही म्हणालो. गावात साठ घरं भावकीची. त्यांना काय सांगू, समुद्र लहान आहे म्हणून?

पंधरा दिवस पोरगी फोनवर फक्त आजीशी बोलायची. मग एका रविवारी स्वतः आली आणि वही घेऊन माझ्यापुढं बसली. "दादा, ताईच्या लग्नात दीड हजार माणूस जेवलं. एक एकर गेलं. जेवून गेलेल्यांपैकी शंभर जणांची नावं सांगा."

मी सत्तावीसपर्यंत गेलो. पुढं अडकलो. एकर मात्र कोणतं गेलं ते बांधासकट सांगता आलं असतं.

तिनं हिशेब मांडला. गोव्यात दोन्हीकडची मिळून एकशे दहा माणसं, दोन रात्री. गावातल्या लग्नाच्या निम्म्यात बसत होतं. हळदीला तेव्हा बारा-तेरा हजारांचा भाव होता, घरात चाळीस क्विंटल पॉलिश केलेली पडून होती. हिंगोलीच्या मोंढ्यात नेली की शेत न विकता लग्न निघत होतं. मी हो म्हणालो. पण मायकडं बघायचं धाडस झालं नाही. माय सत्याऐंशीची. ओसरीपासून न्हाणीपर्यंत जायला तिला एक काठी आणि एक नातू लागतो. गोवा आमच्यापासून सातशे किलोमीटरच्या वर. ती आपणहून म्हणाली, "मी काहून येऊ? तुम्ही जाऊन या. मला फोटो दाखवा."

तिच्या या बोलण्यानं फोटोवाला निवडायचं काम मी माझ्याकडं घेतलं. पोरीला वाटलं दादा पैशाची घासाघीस करायला बसलेत. घासाघीस केलीच, पण ती नंतर.

पहिला पुण्याचा. त्याचं पाकीट, म्हणजे पॅकेज, तीन लाख ऐंशी हजारांचं. सहा माणसं येणार, त्यांचं विमान, त्यांच्या खोल्या वेगळ्या. कँडिड, सिनेमॅटिक, ड्रोन, टीझर, करिझ्मा अल्बम, असे शब्द पोरगी मला समजावून सांगत होती. कँडिड म्हणजे माणसाला न सांगता काढलेला फोटो, एवढं मला पटलं. माझ्या बापाचा कँडिडच होता. त्यानं मोबाईलवर एका मिनिटाचा पिक्चर दाखवला. धूर, घोडा, नवरी पळायलीय, नवरा पळायलाय, मागं गाणं. चांगला होता, खोटं कशाला बोलू. मी म्हणालो, "हे झालं. आता एका लग्नाचे सगळे फोटो दाखवा. पहिल्यापासून शेवटपर्यंत, निवडलेले नकोत."

तो जरा थांबला. असं कोणी मागत नाही म्हणाला. पण बैल घ्यायला गेलो तर शिंगाचा रंग बघून कोणी पैसे मोजतं का? दात बघतो, चालवून बघतो, बसवून उठवतो. शेवटी त्यानं एका लग्नाचे दोन हजार फोटो पाठवले. मी आणि पोरगी रात्री जेवण झाल्यावर बघत बसलो. नवरीच्या सँडलचे एकोणीस निघाले. अंगठीचे बावीस. मेंदीच्या हाताचे मोजायचे सोडून दिले. म्हातारं माणूस एकच सापडलं, तेही मागं, धुक्यात असल्यासारखं. पोरगी सुरुवातीला हसत होती, मग तीच मोजायला लागली.

दुसरा आमच्याच तालुक्यातला, ओळखीचा पोरगा. स्वस्त. त्याचे सगळे फोटो स्टेजवरचे. नवरा-नवरी मधी आणि दोन्ही बाजूला माणसं बदलायलीत, पाकीट द्यायलीत, कॅमेऱ्याकडं बघायलीत, उतरायलीत. स्टेजवर चढला तो फोटोत आला. जो चढला नाही, तो लग्नाला आलाच नाही असं समजायचं. माय कोणत्याही लग्नात स्टेजवर चढलेली नाही.

तिसरी नांदेडची एक पोरगी, तिशीच्या आतली. तिनं हदगावकडच्या एका लग्नाचे सगळे फोटो न विचारता दिले. त्यात एक मावशी भांड्यांच्या ढिगाला टेकून झोपलेली होती. एक आजोबा लाडू पाण्यात बुडवून खात होते. आणि एक फोटो असा, की मागच्या खोलीत नवरीचा बाप खाटेवर बसून मंडपवाल्याला द्यायच्या नोटा मोजतोय. दाराबाहेर लोक नाचायलेत, ते अर्धवट दिसतात. बापाचं मात्र पूर्ण तोंड दिसतं.

मी मोबाईल पोरीच्या हातात दिला आणि म्हणालो, "ही."

व्याह्यांकडून थोडी कुरकुर झाली. विहीणबाईंना गोव्यातलाच ड्रोनवाला पाहिजे होता. तो प्रश्न हॉटेलवाल्यानंच सोडवला. दाबोळीला नौदलाचा विमानतळ आहे, तिकडं ड्रोन उडवायला परवानगी काढावी लागते म्हणाला. वाळूवर मंडप घालायलाही परवानगी, आणि रात्री दहानंतर उघड्यावर वाजवायचं नाही. बाकी दोन्ही त्यानं करून दिलं, ड्रोन राहिला.

मग घासाघीस. गावाकडं एक दिवस, गोव्यात दोन दिवस, एक लाख साठ हजार, सोबत व्हिडिओवाला एक पोरगा, जाणं-येणं आणि राहणं आमच्याकडं. मी दोनच गोष्टी कागदावर लिहून घेतल्या. एक, ती स्वतः येणार, ऐनवेळी दुसऱ्याला पाठवणार नाही. दुसरी, रोज रात्री फोटो दोन ठिकाणी उतरवून एक डिस्क आमच्या हाती देणार. कारण थोरल्या पोराच्या लग्नातल्या फोटोवाल्याचं कार्ड खराब झालं होतं. दीडशे फोटो हाती आले, बाकीच्यांसाठी आम्ही वर्षभर चकरा मारल्या. पैसे मात्र आम्ही आधीच देऊन बसलो होतो. या वेळी तिसरा हिस्सा आधी, तिसरा लग्नात, उरलेला फोटो मिळाल्यावर. ती म्हणाली, "काका, असं सगळ्यांनी लिहून घेतलं तर आमचंही बरं होईल, मागून भांडणं होत नाहीत."

गावाकडचा तो एक दिवस म्हणजे हळद. हा तोडगा पोरीनंच काढला. गोव्यात फक्त लग्न, हळद आपल्या अंगणात, सगळ्या गावाला उघडी. वसमतच्या हळदीला त्याच वर्षी भौगोलिक मानांकन मिळालं होतं. ती हळद सोडून गोव्यात पुडीतली लावणं बरं दिसलं नसतं. जूनमध्ये बेणं लावा, नऊ महिने सांभाळा, काढा, शिजवा, पंधरा दिवस वाळवा, ढोलात घालून पॉलिश करा, आणि पोरीच्या अंगाला कारखान्यातली?

पाचशे-सहाशे माणूस आलं. वरण, पोळी, बुंदी. खर्च वाचला वाचला म्हणत होतो, त्यातला चांगला हिस्सा तिथंच गेला. भावकीतले दोघं तरीही जेवले नाहीत, "आम्ही काय हळदीपुरतेच का?" म्हणाले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. गोव्याच्या यादीत मी त्यांना घेतलं नव्हतं हे खरंच होतं.

फोटोवाली पोरगी सकाळी सहालाच आली होती. बाई असल्यानं तिला बायकांच्या घोळक्यात, चुलीपाशी, माजघरात कुठंही जाता आलं. जात्याला हळकुंड बांधलं, बायका गाऊ लागल्या, तिथं पुरुष फोटोवाला असता तर निम्म्यांनी पदर तोंडावर घेतला असता. मायनं तरीही घेतलाच. ती ओसरीवर पोत्यावर बसली होती. पोरगी तिच्यापुढं जमिनीवर बसली, मशीन मांडीवर ठेवलं आणि गप्पा मारायला लागली. काय बोलल्या मला कळलं नाही. मी जवळून गेलो तेव्हा माय विचारत होती, "एका फोटोला किती पडतात बाई?"

"कितीही काढले तरी तेवढेच आजी."

"मग मारत बस," माय म्हणाली आणि पदर मागं सारला.

नात हळद लावून घेऊन आजीच्या पाया पडायला आली. मायनं तिच्या गालाची थोडी हळद बोटानं काढून स्वतःच्या कपाळाला लावली. विधवा बाई असं करत नाही, निदान आमच्याकडं करत नाही. एक-दोघी एकमेकींकडं बघायल्या, पण बोललं कोणी नाही. तो फोटो आहे. नंतर मायला मोबाईलवर दाखवला. तिनं जवळ धरून, लांब धरून बघितला आणि म्हणाली, "हा ठेवा माह्यासाठी. पण याला कोट घालू नका."

गोव्याचं थोडक्यात सांगतो. भटजीनं गोरज मुहूर्त काढला होता आणि फोटोवालीलाही सूर्य बुडायचीच वेळ पाहिजे होती, म्हणून दोघांचं जमलं. मी म्हणालो समुद्रावर गोरज कशाची, पण खरोखर तीन-चार गाई वाळूवर बसल्या होत्या, कोणाच्या कोण जाणे. वाऱ्यानं होम पेटेना. अंतरपाट दोघांनी दोन्हीकडून ताणून धरला तरी शिडासारखा फुगायला लागला. अक्षता टाकल्या त्या उलट आमच्याच तोंडावर. विहीणबाईंची साडी भिजली. पण माणसं एकशे दहा होती आणि सगळ्यांची नावं मला येत होती. दहाला वाजवणं बंद झालं, मग आमच्याकडचे चुलतभाऊ वाळूत बसून बारा वाजेपर्यंत भजन म्हणत होते. त्यांना कोणी हटकलं नाही.

फोटो दीड महिन्यानं आले, चार हजारांवर. अल्बमसाठी त्यातले एकशे वीस निवडून द्यायचेत. पोरीनं हे काम माझ्याकडं दिलं, कारण निवडायची हौस मलाच होती म्हणाली. हळद काढणी झाली, शिजवून झाली, तरी मी निवडतोच आहे. परवा साठ निवडून तिला पाठवले. रात्री तिचा फोन आला.

"दादा, साठांपैकी चौपन्न घरचे आहेत. चुलीजवळचे, ओसरीवरचे. आजीचेच एकोणीस. लग्न कुठंय यात?"

मी म्हणालो, "सहा आहेत ना गोव्याचे."

"त्यातल्या दोनांत गाई आहेत," ती म्हणाली.